हिबाकुशांची मुले : दाखला आणि डाग

अणुबाँबविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा स्फोटाविषयी असते. ६ ऑगस्ट आला की शाळांतून, शिबिरांतून हिरोशिमाची आठवण निघते. डोळे दिपवणारा प्रकाश, छत्रीसारखा ढग, जळालेले शहर, मृतांचा आकडा. एवढे सांगून व्याख्याता खाली बसतो. पण त्या दिवशी जी माणसे मेली नाहीत त्यांनी पुढे लग्ने केली, त्यांना मुले झाली, मुलांना मुले झाली. त्यांच्या घरांत तो बाँब नंतर ऐंशी वर्षे काय करीत राहिला, हा प्रश्न अशा व्याख्यानात सहसा येत नाही. मला तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण बाँब अमेरिकेने टाकला हे खरे असले, तरी नंतर या घरांच्या वाट्याला जे आले त्यात खुद्द जपानी समाजाचा आणि जपानी सरकारचा वाटा मोठा आहे. मी जपान पाहिलेला नाही. जे वाचले, ताडून पाहिले, त्यावरून लिहितो आहे.

जपानी भाषेत 'हिबाकुशा' असा शब्द आहे. बाँबस्फोटाचा मारा ज्याच्यावर झाला तो हिबाकुशा, इतका त्याचा सरळ अर्थ. पण शब्दाचा कोशातला अर्थ वेगळा आणि वस्तीतला वेगळा असतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मूळ घटना थोडक्यात सांगतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर युरेनियमचा बाँब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीतील उराकामी भागावर प्लुटोनियमचा बाँब फुटला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सत्तर हजारांहून अधिक माणसे मेली असे मानले जाते. हिरोशिमा हे लष्करी ठाणे होते आणि जपान स्वतः कोरिया, चीनवर वरवंटा फिरवणारे साम्राज्य होते, हेही विसरता कामा नये. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

एका घराचा वृत्तांत पाहू. त्सुतोमु यामागुची हे मित्सुबिशीच्या जहाजबांधणी कारखान्यात तेलवाहू जहाजांचे आराखडे काढणारे तंत्रज्ञ. घर नागासाकीत. कामानिमित्त तीन महिन्यांसाठी ते हिरोशिमाला गेले होते आणि परतायच्या बेतात असतानाच बाँब पडला. स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर होते. डावी बाजू भाजली, कानाचे पडदे फाटले. रात्र कशीबशी काढून ते रेल्वेने ८ तारखेला नागासाकीला पोचले आणि ९ तारखेला, अंगाला पट्ट्या गुंडाळलेल्या असताना, कामावर हजर झाले. एका बाँबने सगळे शहर कसे नष्ट होईल, असा वरिष्ठांना संशय. त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न चालू असतानाच दुसरा बाँब फुटला! तेथेही अंतर साधारण तीनच किलोमीटर. त्यांची पत्नी काही महिन्यांच्या मुलाला घेऊन नवऱ्याच्या भाजण्यावर मलम शोधायला बाहेर पडली होती, म्हणून ती दोघे वाचली.

पण माझ्या विषयाची सुरुवात येथून होते. यामागुची पुढे साठ वर्षे बव्हंशी गप्प राहिले. आपण बरे दिसतो, खरे रोगी दुसरेच आहेत, मग आपण कोणत्या तोंडाने व्यासपीठावर जावे, असा त्यांचा संकोच होता. ते तान्हे मूल मोठे झाले आणि २००५ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी कर्करोगाने गेले. नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या बापाने मुलाला अग्नी दिला, तेव्हा कुठे बापाचे तोंड उघडले. २००६ साली दोन्ही बाँब भोगलेल्यांवरील माहितीपटाच्या निमित्ताने ते न्यूयॉर्कला राष्ट्रसंघात जाऊन बोलले. २००८ मध्ये पत्नी कर्करोगाने गेली. मार्च २००९ मध्ये सरकारने त्यांची दोन्ही शहरांतील बाधा अधिकृतपणे मान्य केली. तोवर सरकारी नोंदीत ते फक्त नागासाकीचे होते. ४ जानेवारी २०१० रोजी पोटाच्या कर्करोगाने ते वारले, वय ९३. त्यांची मुलगी आणि नात आजोबांची हकीकत लोकांपुढे सांगतात. नात तर चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याच्या जुन्या जपानी पद्धतीने शाळकरी मुलांना सांगते. म्हणजे पहिली पिढी गप्प, दुसरी आजारी, आणि बोलणे आले तिसरीच्या वाट्याला. वंशपरंपरा नेहमी रक्तातूनच चालते असे नाही.

हे मौन कोठून आले? निव्वळ दुःखातून नव्हे. दुःखाने माणूस गप्प होतो तसा बडबडतोही. या मौनामागे हिशेब होता, आणि तो लग्नाचा होता.

मासुजी इबुसे यांची 'काळा पाऊस' ही कादंबरी १९६५-६६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे कथानक एका वाक्यात सांगता येते : भाचीचे लग्न जमावे म्हणून मामा तिच्या निरोगीपणाचा पुरावा गोळा करीत बसतो. लेखकाने समाजाचे दुखणे नेमके पकडले आहे. हिरोशिमाची मुलगी म्हटली की सोयरीक मागे फिरे. तिला मूल होईल का, झाले तर धड होईल का, ती किती दिवस जगेल, अशा शंका घरोघर. कामावर घेतानाही तीच गत. आज थकवा, उद्या रजा, असा माणूस मालकाला कशाला हवा? म्हणून शहर सोडून तोक्योला जायचे आणि आपले गाव दुसरेच सांगायचे, असे अनेकांनी केले. 'अनवाणी गेन' ही चित्रमालिका लिहिणारे केइजी नाकाझावा यांच्या घरातील वडील, बहीण आणि धाकटा भाऊ बाँबच्या दिवशी मेले. तोक्योत आल्यावर हिबाकुशा हा शब्द ऐकून लोकांची नजर कशी बदलते हे त्यांनी पाहिले आणि तोंडाला कुलूप लावले. १९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर अस्थी वेचायला गेले तर अस्थी अशा राहिल्याच नव्हत्या, नुसती राख. बाँबने आईची हाडेसुद्धा नेली, असे त्यांनी मानले, आणि तेथून त्यांची लेखणी व कुंचला या विषयाकडे वळला. १९७३ मध्ये सुरू झालेली ही मालिका मुलांच्या साप्ताहिकात येत होती. २०२३ मध्ये हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने तिच्यातील भाग शांतता-शिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून काढून टाकला. शिक्षक वाचकांनी याची नोंद घ्यावी.

आता एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हिबाकुशांविरुद्धचा हा बहिष्कार केवळ किरणोत्सर्गाच्या भीतीतून उगवला नाही. त्यासाठी लागणारी यंत्रणा जपानी समाजाकडे आधीच तयार होती. जपानात 'बुराकू' नावाचा वर्ग आहे. कातडे कमावणे, जनावरे कापणे, प्रेतांची विल्हेवाट लावणे अशी कामे ज्यांच्याकडे दिली आणि त्या कामांवरून ज्यांना अशुद्ध ठरवले, त्यांचे हे वंशज. १८७१ च्या सरकारी आज्ञेने त्यांचा हीन दर्जा कागदावर रद्द झाला. पण लगेच १८७२ मध्ये जी कुटुंबनोंदवही तयार झाली, जिला 'कोसेकी' म्हणतात, तिच्यात अनेक ठिकाणी त्यांच्या नावापुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा आला. दर्जा गेला, शेरा राहिला. १९२२ मध्ये त्यांनी 'सुइहेइशा', म्हणजे समतलांची संघटना, उभारली. तिचा इतिहास आपल्या चळवळीने वाचण्यासारखा आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय. येथे इतकेच सांगायचे आहे की, लग्नाआधी समोरच्या घराची मूळ वस्ती शोधून काढणारे खाजगी चौकशीवाले जपानात धंदा करून होते. १९७५ मध्ये तर बुराकू वस्त्यांच्या नावांची यादीच कंपन्यांना विकली जात असल्याचे उघडकीला आले. १९७६ मध्ये कायदा बदलला. तोवर दुसऱ्याची कोसेकी पाहणे मुळीच अवघड नव्हते.

या यंत्रणेला नवे गिऱ्हाईक मिळाले, एवढेच १९४५ नंतर घडले. कोसेकीत कोणाच्याही नावापुढे 'बाँबपीडित' असे लिहिलेले नसते. पण मूळ गाव असते, जन्मस्थान असते. जेथे गावावरून माणूस ओळखण्याची विद्या शतकानुशतके मुरलेली आहे तेथे आणखी काय लागते? पूर्वी नदीकाठची वस्ती शोधत, आता हिरोशिमा शोधू लागले.

पीडित झाला म्हणून माणूस दुसऱ्या पीडिताला जवळ करतोच असेही नाही. मित्सुहारू इनोउए यांच्या १९६३ च्या 'चि नो मुरे' या कादंबरीत नागासाकीतून निघून आलेल्या बाँबपीडितांची वस्ती आणि शेजारची बुराकू वस्ती एकमेकींना अपवित्र ठरवताना दिसतात. एक म्हणते तुमचे रक्त बाँबने नासले, दुसरीला उत्तर मिळते तुमचे तर आधीपासूनच नासलेले. ही कादंबरी मराठीत यायला हवी. दलित लेखकांपैकी ज्यांना आपल्यातील उतरंडीविषयी लिहिताना हात आखडता घ्यावासा वाटतो, त्यांनी ती जरूर मिळवावी.

वर्गात हा विषय निघाला असता एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "पण सर, भीती खरी होती की खोटी?" प्रश्न योग्य आहे आणि उत्तर काळजीपूर्वक दिले पाहिजे, कारण येथेच कार्यकर्ते घोटाळा करतात. तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. स्फोट ज्यांनी स्वतः सोसला त्यांच्यात आधी रक्ताचा आणि पुढे इतर अवयवांचा कर्करोग वाढला. हे सिद्ध आहे. स्फोटाच्या वेळी जी मुले आईच्या पोटात होती, विशेषतः आठ ते पंधरा आठवड्यांची, त्यांतील काही लहान डोक्याची आणि मतिमंद जन्मली. हेही सिद्ध आहे. पण हा वारसा नव्हे. ती मुले स्वतःच बाँबच्या माऱ्यात सापडली होती, एवढेच की आईच्या पोटात. तिसरी गोष्ट म्हणजे स्फोटानंतर गर्भ राहून जन्मलेली मुले. एरवी ज्यांना दुसरी पिढी म्हणतात ती हीच. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी फळमाशीच्या संततीत बदल घडतात हे दाखवून दिले होते, तेव्हा माणसांविषयीची धास्ती निराधार नव्हती. अमेरिकेने हिरोशिमा-नागासाकीत जे तपासणी केंद्र उभारले, त्याने १९४८ ते १९५४ या काळात सुमारे ७७ हजार नवजात मुलांची पाहणी केली. त्यानंतरही अभ्यास थांबलेला नाही. आजवर या दुसऱ्या पिढीत आनुवंशिक दोष वाढल्याचे संख्याशास्त्राच्या कसोटीवर दिसून आलेले नाही.

तेव्हा विद्यार्थिनीला माझे उत्तर असे होते : भीती वाटणे समजण्यासारखे होते, पण भीतीवर उभारलेला बहिष्कार खोटा होता. पुरावा आल्यावरही तो उठला नाही, हे त्याच्या खोटेपणाचे लक्षण.

त्या पाहणीची पद्धतही पाहण्याजोगी आहे. युद्धानंतर धान्याची टंचाई होती. गर्भवती स्त्रीने पाचव्या महिन्यात नाव नोंदवले की तिला जादा शिधा मिळे. अमेरिकी केंद्राने नेमकी ही नोंद धरली. पोटाला तांदूळ हवा म्हणून नाव द्यायचे आणि नाव दिले की मूल संशोधनाच्या वहीत जायचे. सुईणी जन्माची वर्दी देत, मग डॉक्टर घरी येऊन मूल उघडे करून तपासत. आणि हे केंद्र तपासणी करी, उपचार करीत नसे! हिजियामा टेकडीवरच्या त्या इमारतींविषयी हिरोशिमाच्या मनात जो राग साचला तो येथला. १९७५ मध्ये केंद्राचे रूपांतर जपान-अमेरिका संयुक्त संस्थेत झाले. २०१७ मध्ये तिच्या प्रमुखांनी या इतिहासाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. सत्तर वर्षे लागली. पोटात असताना बाधा झालेल्या मुलांच्या आईबापांना तर आपल्या मुलाच्या मतिमंदत्वाचे कारण कित्येक वर्षे कोणी सांगितलेच नाही. आपल्याच हातून काही पाप घडले असावे असे मानून ते मूल घरात लपवीत. १९६५ मध्ये त्यांनी 'किनोको-काई', म्हणजे छत्रीमंडळ म्हणू या, स्थापन केले, तेव्हा ते प्रथम एकमेकांना भेटले. अळिंबीची छत्री आणि बाँबचा ढग, दोन्हींचा आकार एकच. छत्रीखालची अळिंबीसुद्धा जमीन फोडून वर येते, असा त्या नावातला भाव आहे.

आता दाखल्याकडे येतो. बिकिनी बेटाजवळ १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने जो स्फोट केला त्याची राख जपानी मच्छीमारांवर पडली. त्यातून देश हलला, १९५६ मध्ये हिबाकुशांची 'निहोन हिदांक्यो' ही संघटना उभी राहिली (तिलाच २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले) आणि १९५७ मध्ये वैद्यकीय साहाय्याचा कायदा झाला. या कायद्यान्वये हिबाकुशाला एक पुस्तिका मिळू लागली. ती दाखवली की तपासणी आणि उपचार. ती मिळवायची तर त्या दिवशी आपण कोठे होतो हे सिद्ध करावे लागे, आणि त्यासाठी बहुधा दोन साक्षीदार लागत. ज्याच्या गल्लीतली सगळी माणसे जळून गेली त्याने साक्षीदार कोठून आणायचे, हे सरकारने सांगितले नाही. पण साक्षीदार असूनही अनेकांनी, विशेषतः लग्नाच्या मुली असलेल्यांनी, वर्षानुवर्षे पुस्तिका घेतली नाही. कारण पुस्तिका म्हणजे हक्क आणि पुस्तिका म्हणजेच पुरावा. दवाखान्यात कामाला येणारा कागद सोयरिकीत घात करतो.

शिष्यवृत्तीच्या अर्जावर जे लिहावेच लागते तेच खोली भाड्याने घेताना ज्यांना गिळावे लागले, त्यांना ही कोंडी परकी वाटणार नाही. फरक इतकाच की आपला दाखला बापाकडून मुलाकडे येतो. हिबाकुशाची पुस्तिका मुलाकडे येत नाही. डाग मात्र येतो.

दुसऱ्या पिढीची अडचण ही आहे. लग्नाच्या बाजारात समाज त्यांना सांगतो, तुमच्या रक्तात बाँब आहे. हक्क मागायला गेले की सरकार सांगते, तुमच्या रक्तात बाँब असल्याचे सिद्ध झालेले नाही. तीच शास्त्रीय पाहणी एकीकडे त्यांची ढाल होऊ शकते, दुसरीकडे तीच त्यांच्या मागणीवरचा दगड होते. १९७९ पासून सरकार त्यांची वर्षातून एकदा साधी तपासणी करते. कायद्यात मात्र त्यांना जागा नाही. तोक्योसारख्या काही प्रांतांनी आपल्या पैशातून उपचारांची सोय केली आहे. २०१७ मध्ये दुसऱ्या पिढीतील लोक हिरोशिमा व नागासाकी येथील न्यायालयांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये नागासाकीच्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने त्यांचे दावे फेटाळले. आम्ही आजारी आहोतच असे त्यांचे म्हणणे नाही. आजाराची टांगती तलवार घेऊन जन्मभर जगायला लावणे ही हानी नव्हे काय, हा त्यांचा सवाल आहे. मला तो रास्त वाटतो. यात एक धोकाही आहे, तो त्यांच्यातीलच काहींनी बोलून दाखवला आहे : वारसा आहे असे कोर्टात ठासून मांडावे, तर उद्या आपल्याच नातवंडांच्या सोयरिकीत तो उलटेल.

जपानी घरांची ही कथा. त्यांच्याही खाली एक थर आहे. दोन्ही शहरांत हजारो कोरियन माणसे होती, काही पोटासाठी आलेली, काही सक्तीने आणलेली. त्यांतील फार मोठा भाग दक्षिण कोरियातील हापचॉन भागाचा. त्याला आज 'कोरियाचे हिरोशिमा' म्हणतात. वाचलेले बहुतेक मायदेशी परतले आणि जपानी कायद्याच्या बाहेर पडले. सोन जिन-दू हे हिरोशिमात बाँबच्या माऱ्यात सापडलेले गृहस्थ डिसेंबर १९७० मध्ये उपचारासाठी चोरून जपानात शिरले, पकडले गेले, आणि तुरुंगात असताना पुस्तिकेसाठी झगडले. ३० मार्च १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. पण तत्पूर्वीच, १९७४ मध्ये, सरकारने परिपत्रक काढून ठेवले होते की जपान सोडला की पुस्तिकेचे लाभ संपले! ते परिपत्रक २००३ मध्ये मागे घेतले गेले. हिरोशिमात कोरियन मृतांचे स्मारक १९७० मध्ये उभारले तेही शांतता-उद्यानाच्या बाहेर. आत यायला त्याला १९९९ साल उजाडले. मेल्यावरही वेशीबाहेर.

कोरियात परतलेल्यांच्या पोटी जन्मलेला किम ह्युंग-र्युल याचा जन्म १९७० चा. आई लहानपणी हिरोशिमात होती. त्याच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती जन्मापासून दुबळी, पुन्हा पुन्हा न्युमोनिया. जुळा भाऊ तान्हेपणीच गेलेला. मार्च २००२ मध्ये त्याने आपण दुसऱ्या पिढीतील अणुबाँबपीडित असल्याचे कोरियात उघडपणे जाहीर केले. त्याचा आजार बाँबमुळेच होता असे विज्ञान सांगू शकत नाही, हे मी वर लिहिले आहे आणि त्यापासून हटत नाही. त्याची मागणीही निकालाची नव्हती. आधी आम्हाला मोजा, तपासा, उपचार द्या आणि मग कारणांचा वाद घाला, असा त्याचा क्रम होता. उजेडात येऊ नको म्हणणारे त्याच्याच समाजात होते, कारण इतरांच्या मुलांची लग्ने अडतील. श्वास पुरत नसलेला हा तरुण तीन वर्षे खेपा घालीत राहिला आणि २९ मे २००५ रोजी वारला.

मार्च २०२५ अखेर जपानमध्ये पुस्तिकाधारक हिबाकुशा ९९,१३० उरले होते. सरासरी वय ८६ वर्षांवर. हा आकडा प्रथमच लाखाच्या खाली आला. १९८० च्या सुमारास तो पावणेचार लाखांच्या आसपास होता. कोरियात अणुबाँबपीडितांसाठीचा खास कायदा २०१६ मध्ये संमत झाला. 'पीडित' या शब्दाची जी व्याख्या त्यात केली गेली, तिच्यात किम ज्या पिढीचा होता ती पिढी नव्हती.